उभा असताना ‘नॉर्मल’, शर्यतीत घरघर: रेसच्या घोड्याचा श्वास नेमका कुठे अडतो हे कसे शोधायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांचा थरोब्रेड, सकाळच्या सरावात चांगला, पण १६०० मीटरच्या शर्यतीत शेवटच्या ३००-४०० मीटरला अचानक गळून जातो. जॉकी म्हणतो, घशातून घरघर ऐकू येते आणि मग घोडा उत्तरच देत नाही. तबेल्यात उभ्या घोड्याची एंडोस्कोपी झाली; अहवाल ‘डावी बाजू किंचित मागे, ग्रेड २, बाकी नॉर्मल’. एक डॉक्टर टाय-बॅक (स्वरयंत्राची डावी कूर्चा उघडी बांधण्याचे ऑपरेशन) सुचवतात, दुसरे टाळूचे ऑपरेशन. कोणाचे ऐकायचे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो: आज तुमच्या हातात जी माहिती आहे तिच्यावर दोन्हींपैकी एकही ऑपरेशन करू नये. कोणते ऑपरेशन करायचे हा पुढचा प्रश्न झाला. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. पूर्ण वेगात असताना घशातला कोणता भाग, कोणत्या क्षणी जागा सोडतो? आणि घोडा मागे पडतो तो त्यामुळेच, की दुसऱ्याच कारणाने? उभ्या घोड्याच्या तपासणीतून पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा अर्धेच मिळते, दुसऱ्याचे मिळतच नाही.

असे का, ते समजून घेतले की पुढचा सगळा क्रम आपोआप पटेल. उभा घोडा मिनिटाला १०-१४ वेळा श्वास घेतो, एका श्वासात साधारण ५ लिटर हवा. भरधाव पळताना तोच घोडा मिनिटाला १२० ते १४० श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासात १२ ते १५ लिटर हवा ओढतो. म्हणजे मिनिटाला दीड हजार लिटरच्या वर. एवढी हवा ओढताना श्वासनलिकेत जी ओढ तयार होते ती उभ्या घोड्यात पाण्याच्या दोन-तीन सेंटिमीटर दाबाएवढी, तर पूर्ण वेगात तीस-चाळीस सेंटिमीटरपर्यंत जाते. नाकाच्या पोकळीला हाडाचा आधार आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. मधल्या घशाला मात्र असा आधार नाही. तो उघडा राहतो तो फक्त स्नायूंच्या ताणावर. दोन-तीन सेंटिमीटरच्या ओढीला सहज तग धरणारा भाग तीस-चाळीसला आत ओढला जाऊ शकतो, आणि उभ्या घोड्यात त्याचा मागमूसही दिसत नाही. त्यात मार्ग अरुंद झाल्याची किंमत फार मोठी असते. हवेचा प्रवाह अगदी सरळ आणि शांत धरला तरी त्रिज्या एक पंचमांशाने कमी झाली की विरोध सुमारे अडीचपट होतो. भरधाव घोड्यात प्रवाह खळाळता असतो, त्यामुळे प्रत्यक्षात भार त्याहून जास्त.

दुसरी गोष्ट, घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याचा मऊ टाळू लांब असतो आणि काजात बटण बसावे तसा स्वरयंत्राभोवती घट्ट बसतो. एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्राच्या तोंडावरची झडप, टाळूच्या वर असतो. हे बटण सुटले, टाळू वर उडून एपिग्लॉटिसच्या डोक्यावर बसला, की श्वास सोडताना हवा टाळूला फडफडवत तोंडात घुसते. टाळूच्या या निसटण्यालाच ‘डिस्प्लेसमेंट’ म्हणतात, आणि शर्यतीच्या शेवटी अचानक ‘गुदमरणाऱ्या’ घोड्यांत त्याचा संशय सर्वांत आधी येतो.

आता आवाजाकडे वळू. एक पैसा खर्च न करता मिळणारी ही सर्वांत मोलाची माहिती आहे आणि तीच बहुतेक वेळा नीट विचारली जात नाही. आवाज श्वास आत घेताना येतो की बाहेर सोडताना, हे आधी ठरवा. कँटर (संथ दौड) आणि गॅलप (भरधाव) यांमध्ये घोडा एका ढांगेला एकच श्वास घेतो. पुढचे पाय जमिनीवर येऊन अंगाचा भार त्यांच्यावर पडतो तेव्हा श्वास बाहेर पडतो. पुढचे पाय उचलून पुढे फेकले जातात तेव्हा आत जातो. जॉकीला ‘आवाज कसा होता’ एवढेच विचारू नका. ‘पुढचे पाय आपटायच्या वेळी की हवेत असताना’ असे विचारा. पाय आपटताना येत असेल तर श्वास सोडतानाचा आवाज, आणि बोट टाळूकडे जाते. पाय हवेत असताना येत असेल तर श्वास घेतानाचा, आणि मग संशय स्वरयंत्रावर.

एवढ्यावर थांबू नका. आवाज वेगाबरोबर हळूहळू चढत जातो की एकाएकी सुरू होतो? स्वरयंत्राच्या डाव्या बाजूच्या अर्धांगाचा आवाज, म्हणजे ती बाजू हलवणारी नस (रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह) निकामी झाल्यावरचा, शिट्टीसारखा सुरू होतो आणि वेग वाढेल तसा करवतीसारखा खरखरीत होत जातो. थांबल्यावरही काही श्वास ऐकू येतो. टाळू निसटल्याचा आवाज एकदम येतो, गुळण्या केल्यासारखा घुरघुरता असतो, कधी गालही फडफडतात. घोडा एक-दोन ढांगांत वेग सोडतो, दोन-तीनदा गिळतो आणि सगळे पूर्ववत होते. जॉकी उतरेपर्यंत घोडा ठणठणीत दिसतो. मात्र टाळू निसटणाऱ्या घोड्यांतला बऱ्यापैकी मोठा वाटा आवाजच करत नाही, त्यामुळे आवाज नाही म्हणून टाळू निर्दोष असे धरू नये. याउलट, कँटर सुरू होताना नाकपुड्या फडफडल्याचा जो मोठा ‘फर्र’ आवाज येतो, श्वास सोडताना, आणि वेग वाढला की जातो, तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. या आवाजाच्या नावाखाली घोड्यांवर विनाकारण उपचार झालेले दिसतात.

नाकपुडीजवळ छोटा मायक्रोफोन बांधून आवाज रेकॉर्ड करता येतो आणि त्याचा आलेख काढता येतो. अर्धांगात साधारण ०.३, १.६ आणि ३.८ किलोहर्ट्झच्या आसपास तीन पट्टे उठून दिसतात. टाळूच्या आवाजात श्वास सोडतानाचा रुंद पट्टा आणि त्यावर जलद खडखड दिसते. या दोन दोषांपुरते हे उपयोगी आहे. पण श्वास घेतानाचा आवाज देणारे दोष आणखी तीन-चार आहेत, आणि केवळ आवाजावरून ते एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. आवाज दिशा देतो. निदान डोळ्यांनीच करावे लागते.

एंडोस्कोप हातात घेण्यापूर्वी हातांनी पाहायच्या गोष्टी आहेत. दोन्ही नाकपुड्यांपुढे तळहात धरून हवा सारखी येते का पाहा. एका बाजूला कमी असेल तर नाकात किंवा सायनसमध्ये काही आहे का शोधा. जबड्यामागच्या गाठी चाचपा. मानेच्या डाव्या शिरेभोवती जुनी सूज किंवा कडकपणा आहे का बघा. शिरेबाहेर पडलेल्या इंजेक्शनने तिथून जाणारी नस खराब होऊ शकते. जबड्याखाली आणि डाव्या बाजूला घशावर जुन्या टाक्यांचे व्रण आहेत का, हे केस बाजूला करून पाहा. विकत घेतलेल्या घोड्याचा पूर्वेतिहास कागदावर नसतो, कातडीवर असतो.

मग स्वरयंत्र. घोड्याच्या समोर किंचित बाजूला उभे राहून दोन्ही हातांच्या तर्जनी स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंनी वर आणि मागे सरकवायच्या. ॲरिटेनॉइड कूर्चेवरचा (स्वरयंत्राचे तोंड उघडणाऱ्या, डाव्या-उजव्या जोडीतल्या कूर्चेवरचा) टणक उंचवटा, ज्याला मस्क्युलर प्रोसेस म्हणतात, बोटांना लागतो. निरोगी घोड्यात त्याच्या मागून ओढणारा स्नायू भरलेला असतो, त्यामुळे उंचवटा मांसात बुडालेला जाणवतो. डावीकडचा स्नायू सुकला असेल तर घोड्याच्या डाव्या बाजूच्या बोटाखाली एकदम टोकदार, हाडासारखा उंचवटा येतो आणि त्याच्या उजवीकडे तसा येत नाही. हा फरक हाताला कळायला सराव लागतो, म्हणून दर वेळी दोन्ही बाजू एकाच वेळी चाचपाव्यात. याच वेळी स्वरयंत्राच्या थायरॉइड आणि क्रिकॉइड कूर्चांमध्ये एका बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडे, बोट सहज आत शिरण्याएवढी फट लागली तर तो जन्मजात दोष असतो. तिथे टाय-बॅकचा विचार सोडूनच द्यावा.

आता उभ्या घोड्याची एंडोस्कोपी. तिला कमी लेखू नका, पण ती शिस्तीत व्हायला हवी. पहिली अट, शामक इंजेक्शन नको. झायलाझिन किंवा डेटोमिडीन दिलेल्या घोड्यात स्वरयंत्राची हालचाल मंदावते, डावी-उजवी असमान दिसते आणि टाळू आपोआप निसटतो. अशा तपासणीवर दिलेला ग्रेड मी ग्राह्य धरत नाही. तुमच्या अहवालात इंजेक्शन दिले होते की नाही हे लिहिलेले नसेल तर आधी तेच विचारा. घोडा अस्वस्थ असेल तर ओठाला ट्विच (ओठ आवळून धरणारा फास) लावून काम करावे आणि तशी नोंद ठेवावी. ८ ते १० मिलिमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा स्कोप घशासाठी पुरतो. श्वासनलिका दुभागते तिथपर्यंत पाहायचे तर दीड मीटरहून लांब लागतो. स्कोप नाकाच्या खालच्या मार्गातून, नाकाच्या तळाशी सलग ठेवून सरकवायचा. तो मधल्या मार्गात चढला तर थेट नाकाच्या मागच्या भागातल्या एथमॉइडच्या नाजूक घड्यांवर आदळतो आणि रक्त येते. मग पुढची सगळी तपासणी लाल पडद्याआडून करावी लागते. शक्यतो दर वेळी एकाच नाकपुडीतून जावे, कारण कोनामुळे डावी-उजवी वेगळी भासते.

घशात पोचल्यावर घाई करू नये. स्थिर राहून नुसते पाहायचे. मग स्कोपच्या नळीतून थोडे पाणी सोडून घोड्याला गिळायला लावायचे आणि गिळून झाल्यावरच्या क्षणी दोन्ही ॲरिटेनॉइड किती उघडतात ते पाहायचे. नंतर दोन्ही नाकपुड्या अर्धा ते एक मिनिट दाबून धरायच्या. हवा मिळेना म्हटल्यावर घोडा जोराने ओढतो; स्वरयंत्र पूर्ण उघडते का, आणि टाळू जागा सोडतो का, हे त्या वेळी कळते. या चाचणीत टाळू निसटला म्हणजे शर्यतीत निसटतोच असे नाही, आणि निसटला नाही म्हणजे निसटत नाही असेही नाही. पण पुन्हा पुन्हा निसटत असेल आणि गिळूनही लवकर जागेवर येत नसेल, तर ती नोंद महत्त्वाची.

इथे तुमच्या ‘ग्रेड २’ चा अर्थ लावू. उभ्या घोड्याचे चार ग्रेड असतात. पहिल्यात दोन्ही बाजू एकत्र आणि पूर्ण उघडतात. दुसऱ्यात हालचाल मागेपुढे किंवा थरथरती असते, पण गिळल्यावर किंवा नाक दाबल्यावर दोन्ही बाजू पूर्ण उघडतात आणि तशा टिकतात. तिसऱ्यात डावी बाजू हलते, पण पूर्ण उघडत नाही किंवा टिकत नाही. चौथ्यात ती हलतच नाही. चौथ्या ग्रेडचा घोडा पळताना अडणार हे गृहीत धरता येते. तिसऱ्यातले काही घोडे पूर्ण वेगातही उघडे राहतात, काही कोसळतात. तिथे पळवून पाहण्याला पर्याय नाही. दुसऱ्या ग्रेडचे बहुतेक घोडे पळताना पूर्ण उघडतात. म्हणजे तुमच्या अहवालातला ग्रेड २ खरा असेल, तर तो टाय-बॅकच्या बाजूने नाही, विरोधात जाणारा पुरावा आहे. ‘खरा असेल तर’ असे म्हणतो, कारण हा ग्रेड दिवसागणिक आणि पाहणाऱ्यागणिक एका पायरीने बदलू शकतो. एकाच तपासणीवर कोणाचेच भवितव्य ठरवू नये.

काही दोष उभ्या घोड्यातही स्पष्ट दिसतात, आणि तिथेच गफलती होतात. सर्वांत नेहमीची गफलत एपिग्लॉटिसची. निरोगी एपिग्लॉटिस त्रिकोणी पानासारखा दिसतो, कडा बारीक दातेरी, आणि वरच्या पृष्ठावर रक्तवाहिन्यांची फांद्यांसारखी नक्षी. त्याच्या खालची सैल त्वचा वर गुंडाळून त्याला पिशवीसारखी झाकते तेव्हा त्याला एंट्रॅपमेंट म्हणतात. त्यात त्रिकोणी आकार कळतो, पण दातेरी कडा आणि नक्षी दिसेनाशी होते. टाळू निसटलेला असेल तर आकारही दिसत नाही. एपिग्लॉटिस पूर्ण गायब, समोर फक्त टाळूची गुळगुळीत कड. आकार आहे पण नक्षी नाही, म्हणजे झाकलेला; आकारच नाही, म्हणजे निसटलेला टाळू. हा एवढा फरक मनात पक्का असला तर अर्ध्या चुका टळतात. एंट्रॅपमेंट अधूनमधूनही होते, म्हणून तपासणीत घोड्याला अनेकदा गिळायला लावावे. टाळूच्या मागच्या कडेवर व्रण दिसला तर तो टाळू वारंवार निसटत असल्याची खूण असू शकतो.

दुसरी गफलत ॲरिटेनॉइडच्या सुजेची. कॉन्ड्रायटिस (कूर्चेचा दाह) झालेली कूर्चा जाड, वेडीवाकडी होते, तिच्या आतल्या बाजूला मांसाचा अंकुर दिसू शकतो आणि ती कमी हलते. घाईत पाहणारा त्याला अर्धांग म्हणतो. पण अर्धांगात कूर्चेचा आकार बिघडत नाही, फक्त हालचाल जाते. उपचार पूर्ण वेगळे, म्हणून आकाराकडे आधी पाहावे, हालचालीकडे नंतर. आणि घशाच्या छतावरचे पांढरट-गुलाबी दाणे: दोन वर्षांच्या घोड्यांत ते जवळजवळ सर्रास असतात आणि वयानुसार ओसरतात. केवळ दाणे आहेत म्हणून घोडा मागे पडतो, हे निदान मला पटत नाही.

शंका राहिली तर पळवण्यापूर्वी स्वरयंत्राची सोनोग्राफी करून घ्यावी. डाव्या बाजूचा क्रिकोॲरिटेनॉइडियस लॅटरॅलिस स्नायू उजव्यापेक्षा उजळ दिसला, तर नसेचा पुरवठा कमी झाल्याचा तो चांगला पुरावा. कॉन्ड्रायटिसमध्ये कूर्चेचा जाडपणाही त्यात दिसतो, आणि स्कोपला फक्त आतली बाजू दिसत असल्यामुळे ही माहिती वेगळ्या वाटेने येते.

इथपर्यंतचे सगळे मिळून काय झाले? आवाजाने दिशा दिली, बोटांनी स्नायू तपासला, उभ्या एंडोस्कोपीने ठळक दोष बाद केले. तुमच्या घोड्यात बहुधा ठळक काही सापडणार नाही, आणि मग उरते खरी परीक्षा: पळत्या घोड्याची एंडोस्कोपी.

पूर्वी हे फक्त ट्रेडमिलवर शक्य होते. २००८ च्या सुमारास घोड्याच्या डोक्यावर बांधायचे, बिनतारी चित्र पाठवणारे स्कोप वापरात येऊ लागले आणि परीक्षा ट्रॅकवर आली. दोन्हींना आपापली जागा आहे. ट्रेडमिलवर वेग आणि चढ हातात असतो, घोड्याला खरोखर थकवता येते. पण जॉकी नाही, लगामाचा दाब नाही, डोके मोकळे. ट्रॅकवर घोडा नेहमीच्या परिस्थितीत असतो. पण त्याला पुरेसे दमवले जात नाही, हा तिथला सर्वांत मोठा दोष. टाळू निसटणे हा थकव्याच्या टोकाचा दोष आहे. ८०० मीटरच्या मोकळ्या कँटरमध्ये तो दिसला नाही म्हणून टाळू नॉर्मल म्हणणे म्हणजे पहिल्या मजल्यावर जाऊन गच्ची सुरक्षित असल्याचे सांगणे.

म्हणून परीक्षा कशी आखायची ते नीट सांगतो. घोडा शर्यतीत ज्या साजात पळतो त्याच साजात पळवा: तेच बिट (तोंडातली लगामाची कडी), तीच नाकपट्टी, जीभ बांधत असाल तर बांधूनच. जीभ बांधूनही शर्यतीत आवाज येतो ही तक्रार असेल, तर ती सोडून तपासले की वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. शक्य असेल तर तोच जॉकी असावा. सोबत दुसरा घोडा ठेवा; एकटा घोडा क्वचितच जीव ओतून पळतो. तुमच्या घोड्याची तक्रार १२०० मीटरनंतरची आहे, म्हणून अंतर किमान तेवढे, आणि शेवटचे ४०० मीटर पूर्ण वेगात हवेत. अंगावर हृदयगती मोजणारा पट्टा आणि जीपीएस बांधा. हृदयगती २०० च्या वर जाऊन टिकली नसेल आणि वेग शर्यतीच्या जवळ पोचला नसेल, तर काहीच न दिसणे याचा अर्थ ‘परीक्षा झालीच नाही’ एवढाच.

स्कोपचे टोक कुठे ठेवले हेही महत्त्वाचे. ते गटरल पाउचच्या (घशाच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या पिशव्यांच्या) तोंडांच्या रेषेत असावे: दोन्ही ॲरिटेनॉइड, एपिग्लॉटिस आणि टाळूची कड एका चौकटीत येतील असे. फार पुढे गेले तर टाळू चौकटीबाहेर जातो आणि मुख्य आरोपीच दिसत नाही. फार मागे राहिले तर घशाच्या भिंती दिसतात, स्वरयंत्र धूसर. बांधल्यावर घोड्याला आधी ट्रॉट (दुडकी चाल) करवून चित्र तपासावे, कारण डोके हलले की स्कोप सरकतो. लेन्सवर कफ आणि लाळ चढते. उपकरणात पाण्याचा छोटा पंप असतो, पण तो मारला की घोडा गिळतो आणि गिळल्यावर निसटलेला टाळू जागेवर येतो. म्हणून शेवटच्या ४०० मीटरमध्ये पाणी मारू नये, त्याआधी लेन्स स्वच्छ करून घ्यावी. परीक्षेपूर्वी काही तास गवत काढून घ्या आणि तोंड पाण्याने धुवा. चघळलेल्या गवताने झाकलेली लेन्स म्हणजे एक पूर्ण गॅलप वाया.

चित्रीकरण चालू असताना पडद्यावर पाहून निदान सांगू नये. मिनिटाला १३० श्वास म्हणजे सेकंदाला दोनपेक्षा जास्त. डोळा ते पकडत नाही. नंतर हळू गतीने, शेवटच्या ३०० मीटरला एकेका फ्रेमने पाहावे. काय शोधायचे? डावा ॲरिटेनॉइड पूर्ण उघडा राहतो (ए), अर्धवट (बी), त्याहूनही कमी (सी), की श्वासाबरोबर आत कोसळतो (डी). स्वरतंतू आत फुगतात का. एपिग्लॉटिसपासून ॲरिटेनॉइडपर्यंत जाणाऱ्या त्वचेच्या घड्या शिडासारख्या आत ओढल्या जातात का. हा दोष उभ्या घोड्यात कधीच दिसत नाही, तरुण घोड्यांत नेहमीचा आहे आणि आवाज अर्धांगासारखाच करतो. घशाचे छत किंवा बाजू आत येतात का, आणि डोके खाली ओढल्यावर ते वाढते का.

टाळूचे पाहताना निसटण्याआधीचे क्षण सोडू नका. आधी टाळू लाटेसारखा फुगू लागतो, एपिग्लॉटिस त्याच्यावर सपाट पडतो, गिळण्याची संख्या वाढते, आणि मग तो उडतो. ही अस्थिरता दिसली आणि निसटणे दिसले नाही, तरी तुमच्या वर्णनाशी ती जुळते. जास्त अंतराची दुसरी परीक्षा केली तर बहुधा पुढचा टप्पा दिसेल. घोडा थांबवताना, लगाम आवळल्यावर क्षणभर टाळू निसटून गिळल्यावर परत बसला तर मी त्याला फारसे वजन देत नाही. वेगात असताना निसटला आणि त्याच ढांगांत वेग पडला, असे जीपीएसवर जुळले, तर कारण सापडले.

एक नाही, दोन-तीन दोष एकत्र सापडणे हे नेहमीचे आहे. तेव्हा सुरुवात कोणी केली ते पाहायचे. डाव्या ॲरिटेनॉइडने जागा सोडली की आतली ओढ वाढते आणि त्या ओढीने घड्या, स्वरतंतू, कधी टाळूही मागोमाग येतात. क्रम फ्रेमवर दिसतो. मागून आलेल्याचे ऑपरेशन करून आधी जागा सोडणारा तसाच ठेवला तर फायदा होत नाही.

पळून आल्यावर काम संपत नाही. साधारण तासाभराने लांब स्कोप श्वासनलिकेत घालून रक्त आणि कफ पाहावा. फुफ्फुसातून रक्त येणारा घोडाही शेवटी असाच गळतो, आणि खालच्या श्वासमार्गाची सूज असलेल्या तरुण घोड्यात टाळू जास्त निसटताना दिसतो. गरज पडली तर फुफ्फुस धुऊन पेशी तपासाव्यात. हृदयाचा ठेका अनियमित आहे का हे पळून आल्या-आल्या ऐकावे. एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचा ठेका बिघडलेला) घोडा अगदी तुमच्या वर्णनासारखा अचानक थांबू शकतो, आणि काही वेळा ठेका दिवसभरात स्वतःहून सुधारतो, मग दुसऱ्या दिवशी काहीच सापडत नाही. पाय तपासणेही सोडू नका. किरकोळ लंगडणारा घोडा वेदनेने थकतो, आणि थकव्यात टाळू सुटतो. त्या वेळी घसा परिणाम असतो.

तुमच्या घोड्याबद्दल माझा अंदाज: अचानक, शेवटी, आणि सकाळच्या सरावात नाही, या तिन्ही गोष्टी टाळूकडे बोट दाखवतात, ग्रेड २ अर्धांगाच्या विरोधात आहे. पण हा अंदाज आहे, आणि जॉकीने ‘आवाज श्वास घेताना, आणि सुरुवातीपासून चढत जाणारा’ असे सांगितले तर तो लगेच बदलेल. चुकीच्या निदानाची किंमत सारखी नसते, हे लक्षात ठेवा. टाय-बॅकमध्ये डावी कूर्चा टाक्यांनी कायमची उघडी बांधली जाते. खाताना खोकला, श्वासनलिकेत अन्न जाणे हे त्याचे माहीत असलेले तोटे आहेत आणि ते सहज परत फिरवता येत नाही. टाळूचा दोष असलेल्या घोड्याला ते केले तर तोटे पदरात, दोष जागेवर. उलट टाळूचे निदान पक्के झाले तरी आधी तंदुरुस्ती, खालच्या श्वासमार्गाचा उपचार आणि साजातले बदल करून पाहायला जागा असते. तीन वर्षांच्या घोड्यात वाढीबरोबरही फरक पडतो. ते पुरले नाही तर टाय-फॉरवर्डचा (स्वरयंत्र पुढे ओढून बांधण्याच्या ऑपरेशनचा) विचार करावा. घड्यांचा दोष निघाला तर लेसरने त्या छाटतात. एंट्रॅपमेंट निघाले तर झाकणारी त्वचा कापून मोकळी करतात.

परीक्षेच्या दिवशी डॉक्टरांकडे जाताना अहवालाचा कागद नेऊ नका, आधीच्या एंडोस्कोपीचे चित्रीकरणच न्या. ग्रेड पाहणाऱ्याने स्वतः ठरवावा. गेल्या तीन शर्यतींच्या चित्रफिती, प्रत्येक २०० मीटरचे वेळ, जॉकीने सांगितलेले शब्द त्याच्याच भाषेत लिहून घ्या. शेवटच्या दोन आठवड्यांत दिलेल्या औषधांची यादी द्या, आणि श्वासमार्गाचे कोणतेही औषध सुरू करण्यापूर्वी पुढच्या शर्यतीची तारीख सांगा, म्हणजे औषध अंगातून निघून जायला लागणारा काळ मोजता येईल. पहिल्या गॅलपमध्ये काहीच दिसले नाही आणि हृदयगती कमी राहिली असेल, तर त्याच दिवशी पुन्हा पळवू नका. चार-पाच दिवसांनी, जास्त अंतर आणि बरोबरीचा सोबती घेऊन, परीक्षा पुन्हा लावा.